पहिले ४८ तास

युद्ध, भूकंप किंवा महापूर यातलं काहीतरी झालं आणि १०,००० माणसं एका माळावर येऊन टेकली, एवढंच कळलं आहे असं समजू. ती कोण, कुठली, घरातून काय घेऊन निघाली, काही ठाऊक नाही. तरी थोडा हिशोब लगेच मांडता येतो. त्यांत मूल होण्याच्या वयाच्या साधारण २,५०० बायका असतील. पुढच्या तीन महिन्यांत शंभरेक बाळंतपणं होतील, म्हणजे रोज एक धरून चालायचं. त्यांतल्या पंधराएक जणींचं काही ना काही बिनसेल. कुणाचा रक्तस्राव थांबणार नाही, कुणाला झटके येतील, कुणाचं मूल आडवं असेल. निदान पाच जणींना सिझेरियन लागेल. मदतकार्याच्या नियमपुस्तिकेतला हा ठोकताळा आहे. खरे आकडे हाती येईपर्यंत जगभर त्यावरच सामान मागवलं जातं.

आपत्तीत कशाचीच खात्री नसते. कॉलरा येईल का, गोवर पसरेल का, रस्ता कधी खुला होईल, हे कुणी सांगू शकत नाही. बाळंतपणं मात्र होणारच, आणि किती होणार तेही साधारण माहीत असतं. म्हणजे तयारी सगळ्यांत आधी व्हावी ती या कामाची. प्रत्यक्षात ते मदतीच्या यादीत शिरायला विसाव्या शतकाचं शेवटचं दशक अर्धं सरावं लागलं.

तोवर यादी ठरलेली होती: पाणी, धान्य, ताडपत्र्या, ब्लँकेटं, संडास, गोवराची लस. ती चुकीची नव्हती. जुलै १९९४ मध्ये रवांडातल्या वंशसंहारानंतर लाखो माणसं अवघ्या काही दिवसांत सरहद्द ओलांडून तेव्हाच्या झाईरमधल्या गोमा शहराभोवती जमली. जमीन ज्वालामुखीच्या खडकाची, त्यामुळे ना संडासाचे खड्डे खणता येत, ना थडगी. कॉलरा आणि हगवणीनं मुख्यतः पहिल्या महिनाभरात सुमारे ५०,००० माणसं दगावली. अशा वेळी डॉक्टर सलाइनच्या मागे धावले तर त्यांना दोष कोण देईल? पण त्याच गर्दीत दिवस भरलेल्या बायका होत्या, वंशसंहाराच्या शंभर दिवसांत बलात्कार सोसून जगलेल्या बायका होत्या, आणि त्यांच्यासाठी काय करायचं याचा आराखडा कुणाकडेच नव्हता. निर्वासित महिलांसाठी काम करणाऱ्या न्यूयॉर्कच्या एका आयोगानं त्याच वर्षी निरनिराळ्या देशांतल्या छावण्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तिचा निष्कर्ष असा, की बायकांच्या प्रजनन आरोग्याची सेवा छावण्यांत जवळपास कुठेच नाही.

यात कुणाचा दुष्टावा नव्हता. याद्या करणारे लोक पाणीपुरवठ्याचे इंजिनियर, साथींचे डॉक्टर आणि रसद पोचवण्यात मुरलेले अधिकारी होते, आणि बहुतेक पुरुष होते. बाळंतपण म्हणजे काही आजार नव्हे, बायका ते आपसात निभावून नेतात, हा समज त्यांच्याही घरात होताच.

तो समज हलवण्यात गडचिरोलीचा एक वाटा आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. त्यांतल्या ९२ टक्के जणींना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक आजारांपैकी एक तरी विकार होता, आणि यापूर्वी अशी तपासणी झालेल्या बायका शंभरात आठच होत्या. जानेवारी १९८९ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. तोवर तिसऱ्या जगातल्या बाईचं आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजनाचं उद्दिष्ट, फार तर बाळंतपण, एवढ्यावर गाडी अडलेली असे. गरोदर नसलेल्या बाईलाही शरीर असतं आणि ते दुखतं, हे या आकड्यांनी जगापुढे ठेवलं. सप्टेंबर १९९४ मध्ये कैरोला १७९ देशांची लोकसंख्या परिषद भरली, तिथे उद्दिष्टांची भाषा मागे पडून प्रजनन आरोग्याचा हक्क पुढे आला. निर्वासित आणि विस्थापित बायकांचा उल्लेखही त्या ठरावात झाला. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, स्वयंसेवी संघटना आणि काही विद्यापीठं मिळून एक कार्यगट उभा राहिला आणि १९९६ मध्ये त्याची पहिली नियमपुस्तिका तयार झाली.

पुस्तिकेचा गाभा म्हणजे ‘किमान प्राथमिक सेवा संच’. नाव सरकारी वाटतं, पण कल्पना सरळ आहे. पाहणी, सर्वेक्षण, बैठका यांत वेळ न घालवता शक्यतो ४८ तासांच्या आत ठरलेली कामं सुरू करायची. एक संस्था आणि एक माणूस जबाबदार धरायचा, म्हणजे नंतर ‘ते तुमच्याकडे होतं ना?’ असं एकमेकांना विचारायची वेळ येत नाही. बलात्कार टाळण्याची आणि झालाच तर उपचारांची व्यवस्था लावायची. रक्त तपासून द्यायचं, सुया पुन्हा वापरायच्या नाहीत, कंडोम मोफत ठेवायचे, म्हणजे एचआयव्हीला वाट मिळत नाही. बाळंतपणाची आणि अडलेल्या बाईला मोठ्या दवाखान्यात हलवण्याची सोय चोवीस तास ठेवायची. नको असलेली गर्भधारणा टाळण्याची साधनं सुरुवातीपासून पुरवणं हे २०१८ च्या आवृत्तीत स्वतंत्र उद्दिष्ट म्हणून आलं. त्याला इतका उशीर का लागला याचं उत्तर वैद्यकशास्त्रात सापडत नाही, राजकारणात सापडतं. त्याकडे पुढे येऊच.

सामानाच्या पेट्याही आधीच बांधलेल्या असतात. कुठल्या दवाखान्याला कुठली पेटी, ती किती हजार वस्तीला तीन महिने पुरेल, हे ठरलेलं. त्यांतली सगळ्यांत साधी वस्तू म्हणजे बाळंतपणाची पिशवी. साबणाची वडी, मीटरभर प्लास्टिकचा कागद, कोरं ब्लेड, नाळ बांधायच्या फिती, हातमोज्यांचा जोड, सुती कापडाचे दोन तुकडे आणि वाचता न येणाऱ्या बाईसाठी चित्रांचा कागद. बस. पोट दिसू लागलेल्या प्रत्येक बाईच्या हातात ही पिशवी द्यायची, कारण ऐन वेळी ती दवाखान्यापर्यंत पोचेलच असं नाही. प्लास्टिक चिखलावर अंथरायचं, ब्लेडनं नाळ कापायची. विळ्यानं किंवा बांबूच्या चिपेनं नाळ कापली की बाळाला धनुर्वात कसा होतो, हे आपल्याकडच्या जुन्या सुइणी आणि त्यांच्याशी वाद घालणाऱ्या नर्सबाई दोघींनाही ठाऊक होतं. सगळी पिशवी कुडत्याच्या खिशात मावेल एवढी नसली, तरी बोचक्यात सहज बसते.

पण पिशवी रक्त थांबवत नाही. बाळ बाहेर आलं, वार पडली, आणि गर्भाशय आवळलंच नाही, तर धडधाकट बाई दोन-तीन तासांत जाऊ शकते. त्यावरचं नेहमीचं इंजेक्शन ऑक्सिटोसिन. ते २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं, आणि वीज नसलेल्या छावणीत पहिली बंद पडणारी गोष्ट म्हणजे फ्रिज. म्हणून मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांना इतकं महत्त्व आलं. त्यांना गारवा लागत नाही. नेपाळनं २००५ पासून गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांमार्फत गरोदर बायकांच्या हाती या गोळ्या देण्याचा प्रयोग केला होता. २०१८ मध्ये १० देशांतल्या जवळपास ३०,००० बायकांवरच्या चाचणीतून उष्णता सोसणारं कार्बेटोसिनही ऑक्सिटोसिनच्या तोडीचं ठरलं.

यापेक्षाही कमी खर्चाची एक युक्ती ढाक्याची आहे. डॉ. सायेबा अख्तर तिथल्या मेडिकल कॉलेजात प्रसूतिशास्त्र शिकवत. गर्भाशयात फुगा भरून आतून दाब द्यायचा आणि रक्त थांबवायचं, हे तंत्र श्रीमंत देशांत होतं, पण तो फुगा बांगलादेशाला परवडणारा नव्हता. त्यांनी रबरी नळीच्या टोकाला कंडोम बांधला, तो आत सरकवला आणि नळीतून सलाइन सोडलं. कंडोम फुगला, दाब बसला, रक्त थांबलं. २००३ मध्ये त्यांनी अशा २३ बायकांचा अहवाल छापला. सगळ्यांचा रक्तस्राव थांबला होता. लागणारं सामान कुठल्याही छोट्या दवाखान्यात आणि मदतीच्या पेटीत असतंच. हे तंत्र आज कितीतरी गरीब देशांत त्यांच्या नावानं ओळखलं जातं.

बांगलादेशाचा उल्लेख इथेच संपत नाही, कारण या पुस्तिकेची सगळ्यांत मोठी परीक्षा तिथेच झाली. २५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारच्या राखाइन प्रांतातून सात लाखांहून जास्त रोहिंग्या कॉक्स बाजार जिल्ह्यात आले. उखिया आणि टेकनाफच्या टेकड्यांवरची झाडी तोडून बांबू आणि ताडपत्रीच्या झोपड्या उभ्या राहिल्या. कुटुपालोंगची छावणी बघता बघता जगातली सगळ्यांत मोठी निर्वासित वस्ती झाली. उतार निसरडे, वाटा एका माणसापुरत्या, आणि बाहेरच्या कार्यकर्त्यांनी संध्याकाळी छावणी सोडायची असा नियम. कळा काही संध्याकाळच्या आत संपत नाहीत. रात्री अडलेल्या बाईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून किंवा बांबूला झोळी बांधून पुरुष टेकडी उतरत. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या बातम्या वाचणाऱ्याला हे दृश्य नवं वाटणार नाही.

युनिसेफनं मे २०१८ मध्ये दिलेला हिशोब असा: नऊ महिन्यांत छावण्यांमध्ये १६,००० बाळं जन्मली, रोज साठेक. त्यांतली दवाखान्यात जन्मलेली ३,००० च्या आसपास. दवाखाने होते, पिशव्या होत्या, रुग्णवाहिका होत्या. तरी पाचांतल्या चार जणी झोपडीतच बाळंत झाल्या. याचं एक कारण अंतर आणि रात्र. दुसरं कारण म्यानमारमधून सोबत आलेलं. उत्तर राखाइनमध्ये रोहिंग्यांना लग्नासाठी सरकारी परवाना लागे आणि दोनच मुलांची अट होती. तिसऱ्या वेळी दिवस गेले की लपायचं, सरकारी दवाखान्याकडे फिरकायचं नाही, हे तिथल्या बाईनं पुरेपूर शिकून घेतलेलं. तिला अचानक गणवेशातली अनोळखी नर्स ‘या, नाव नोंदवा’ म्हणते, तेव्हा ती का येईल?

इथे कामाला आल्या बांगलादेशाच्या तरुण मिडवाइफ. त्या देशानं तीन वर्षांचा मिडवाइफरीचा डिप्लोमा काही वर्षांपूर्वीच सुरू केला होता आणि त्याच्या पहिल्या तुकड्या नुकत्याच बाहेर पडल्या होत्या. विशीतल्या या मुली, बऱ्याच जणींची ही पहिलीच नोकरी. चितगावकडच्या ज्या होत्या त्यांना रोहिंग्यांची बोली बरीचशी कळे, आणि हे दहा माहितीपत्रकांपेक्षा उपयोगाचं होतं. त्या छावणीतल्या जुन्या दायांना हुसकावण्याच्या भानगडीत पडल्या नाहीत. दाईनंच बाईला घेऊन यावं, बाळंतपणाला शेजारी बसावं, अशी घडी हळूहळू बसवली. स्त्रियांसाठीच्या वेगळ्या झोपड्यांत, जिथे पुरुषाला मज्जाव, शिवणकाम आणि गप्पांच्या आडून बाकीचं बोलणं निघे. ‘पाळी चुकली आहे’ हेही तिथेच कानात सांगितलं जाई.

आणि त्यावर उपाय होता. बांगलादेशात गर्भपात १८६० च्या दंडसंहितेनुसार, आईचा जीव वाचवण्यापुरता सोडला तर, गुन्हा आहे. पण १९७१ च्या मुक्तियुद्धात पाकिस्तानी सैन्याच्या बलात्कारांना बळी पडलेल्या बायकांची संख्या दोन ते चार लाख सांगितली जाते. स्वातंत्र्यानंतर त्यांच्यासाठी सरकारनं कायद्याला तात्पुरती बगल दिली, केंद्रं उघडली, बाहेरून डॉक्टर बोलावले. त्या अनुभवातून आलेली एक सोय कायमची राहिली. पाळी चुकल्यापासून ठरावीक आठवड्यांच्या आत, गरोदरपणाची चाचणी न करताच, हातानं चालणाऱ्या सिरिंजनं गर्भाशय मोकळं करायचं. कागदोपत्री याला पाळी नियमित करणं म्हणतात आणि १९७९ पासून ते सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात आहे. कायदा तसाच राहिला आणि बायकांचे जीवही वाचले, अशी ही पळवाट. ४६ वर्षांनी दुसऱ्याच सैन्याच्या अत्याचारातून सुटून आलेल्या रोहिंग्या बायकांना तिचा आधार मिळाला. मे-जून २०१८ मध्ये, पळापळीला नऊ महिने होताना, ‘बलात्काराची बाळं’ शोधत परदेशी पत्रकार छावणीत येऊन गेले. त्यांना अपेक्षित गर्दी दिसली नाही. काही जणी वेळेत मोकळ्या झाल्या होत्या, काहींनी बाळंतपण झोपडीत उरकलं होतं, आणि कॅमेऱ्यासमोर तर कुणीच येणार नव्हतं.

बलात्कारानंतरच्या उपचारात घड्याळ फार कडक असतं. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. गर्भ राहू नये म्हणून द्यायची गोळी १२० तासांपर्यंत, आणि तीही जितकी लवकर तितकी बरी. म्हणून ही औषधं ‘मागाहून पाठवू’ असं म्हणून चालत नाही. १९९९ मध्ये कोसोव्होतून अल्बानियात आलेल्या निर्वासितांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीनं ही गोळी पेट्यांमध्ये घातली, तेव्हा व्हॅटिकननं जाहीर निषेध केला. अमेरिकेचं तर गणितच ठरलेलं आहे. २००२ नंतर काही वर्षं, पुन्हा २०१७ ते २०२०, आणि परत २०२५ मध्ये, रिपब्लिकन अध्यक्ष असताना या निधीचा पैसा थांबवला गेला. जगातल्या एका कोपऱ्यातल्या छावणीत मिडवाइफची रात्रपाळी चालू राहणार की बंद होणार, हे अमेरिकेच्या निवडणुकीवर ठरतं, आणि तिथे बाळंत होणाऱ्या बाईला त्या देशाचा नकाशाही ठाऊक नसतो.

सगळीकडेच रड आहे असं मात्र नाही. जॉर्डनमधली झातारीची छावणी जुलै २०१२ मध्ये सीरियन निर्वासितांसाठी उघडली आणि पुढे बरीच वर्षं तिची वस्ती ८०,००० च्या घरात राहिली. तिथल्या प्रसूतिगृहात १०,००० हून जास्त बाळंतपणं एकही आई न गमावता झाली. जादू काही नव्हती. चोवीस तास मिडवाइफ हजर, डॉक्टर हाकेच्या अंतरावर, आणि शस्त्रक्रियेची गरज भासली तर तासाभराचाही उशीर न करता मोठ्या दवाखान्यात रवानगी. छावणी सपाट वाळवंटात आहे, रस्ते सरळ आहेत आणि जॉर्डनकडे चालती आरोग्यव्यवस्था आहे, हेही विसरायला नको. २०२३ मध्ये जगात बाळंतपणाशी निगडित कारणांनी सुमारे २,६०,००० बायका मेल्या. त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश अशा देशांतल्या होत्या, जिथे युद्ध चालू आहे किंवा राज्ययंत्रणा खिळखिळी झाली आहे.

पुस्तिकेत न बसणारेही प्रसंग येतात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तमिळनाडूच्या नागपट्टिनम जिल्ह्यात सुमारे सहा हजार माणसं गेली, आणि त्यांत मुलांचा भरणा मोठा होता. कोळीवाड्यांतल्या बहुतेक आयांनी दोन-तीन मुलांनंतर सरकारी दवाखान्यातच नसबंदी करून घेतलेली. एका सकाळी सगळी मुलं वाहून गेली आणि पुन्हा मूल होण्याचा रस्ता बंद. बायका दवाखान्यांत जाऊन विचारू लागल्या, की ती गाठ सोडवता येते का. राज्य सरकारनं नळ्या पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया सरकारी खर्चानं करण्याची घोषणा केली. २००८ मध्ये सिचुआनच्या भूकंपानंतर चीन सरकारनंही एकुलतं मूल गमावलेल्यांसाठी हेच केलं. शस्त्रक्रिया नाजूक असते आणि यशाची हमी नसते. त्यातही, ही इच्छा त्या बाईची स्वतःची किती आणि सासरच्यांची किती, हे तपासण्याची सवड त्या महिन्यांत कुणाला होती? तरीही ज्या शासनानं कुटुंबनियोजनाचे आकडे गोळा केले, त्यानंच ते उलट फिरवण्याचा खर्च उचलला, ही नोंद घ्यायला हवी.

आपत्तीतल्या बाळंतपणाची आपल्या देशात सगळ्यांत गाजलेली घटना केरळची. १७ ऑगस्ट २०१८ रोजी महापुरात अडकलेल्या एका बाईच्या घरावर नौदलाचं हेलिकॉप्टर आलं. पाणमोट फुटलेली होती. आधी दोरानं डॉक्टर खाली उतरला, त्यानं तिला तपासलं आणि मग तिला वर ओढून घेतलं. कोचीच्या नौदल रुग्णालयात त्याच दिवशी तिला मुलगा झाला. ती चित्रफीत देशभर पाहिली गेली आणि वैमानिक कमांडर विजय वर्मा यांना पुढे नौसेना पदकही मिळालं. ते वाजवीच होतं.

मात्र हेलिकॉप्टरची वेळच येऊ नये यासाठीचं काम चित्रफितीत येत नाही. गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की तालुका जगापासून तुटतो, आणि हे दर पावसाळ्यात होतं. म्हणून जूनच्या आधीच आशाताई आणि नर्सबाई गावागावांतल्या गरोदर बायकांच्या याद्या काढतात. नाव, गाव, कितवं बाळंतपण, मागच्या वेळी काय झालं होतं, आणि संभाव्य तारीख. पूर येण्याच्या महिन्यांत जिच्या तारखा पडतात, तिला आधीच हलवायचं. त्यासाठी आदिवासी जिल्ह्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात ‘माहेरघर’ नावाच्या खोल्या आहेत. बाईनं दिवस भरायच्या आधी येऊन राहायचं, सोबत तिची धाकटी मुलं आणि घरचं एक माणूस, जेवण बचत गटाचं. कागदावर चोख. प्रत्यक्षात पावसाळा म्हणजे रोवणीचे दिवस. बाई निघून गेली तर शेतात कोण वाकणार, कोंबड्या-बकऱ्यांकडे कोण बघणार, म्हातारी सासू कुणाच्या भरवशावर, असे प्रश्न यादीतल्या तारखेला जुमानत नाहीत. जुलै २०२४ मध्ये याच तालुक्यात एका गर्भवतीला भरलेल्या नाल्यातून जेसीबीच्या बकेटमध्ये बसवून पलीकडे न्यावं लागलं. म्हणून आशाताई एकाच घरी तीन-तीनदा जाते, कधी नवऱ्याशी बोलते, कधी सासूशी, आणि रोवणी कुणी करायची याचाही तोडगा बऱ्याचदा तिलाच काढून द्यावा लागतो.